सीट कुणाच्या मापाची?

आजचा विषय आहे सायकलची सीट. आपल्याकडं तिला शीट म्हणतात, आम्हीही घरी तसंच म्हणतो. एवढ्याशा वस्तूवर अख्खा कार्यक्रम कशाला, असं कुणाला वाटेल. म्हणून आधी घडलेली गोष्ट सांगतो.

मुखेड आणि जळकोट हे तालुके एकमेकांना लागून आहेत, एक नांदेडचा आणि एक लातूरचा. या शिवेवरच्या गावांत आम्ही बचत गटांचं काम बघतो. त्यातल्या एका गटातून एका ताईंनी लेकीच्या सायकलीसाठी सहा हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं. लेक नववीत, शाळा साडेचार किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा आणि तीही भरवशाची नाही. सायकल घेतली जाड टायरची, जिला आपण रेंजर म्हणतो. दोन महिने पोरगी सायकलवर गेली. मग पायी जायला लागली. मग आठवड्यातून दोन दिवस घरीच राहायला लागली. सायकल गोठ्यात उभी, तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या, आणि कर्जाचे हप्ते चालूच. बैठकीत विचारलं तर ताई म्हणाल्या, "पोरीच्या जातीला झेपंना हो." आम्हीही माना डोलावल्या. त्या माना डोलावल्याची आज लाज वाटते.

पुढं हापशावर त्या पोरीनं आमच्यातल्या एकीला हळूच सांगितलं. बसायच्या जागी सोलून निघत होतं, लघवीला आग होत होती. तिनं आईला सांगितलं नव्हतं आणि आईनं विचारलं नव्हतं. सायकल तिला झेपत होती, सीट सोसत नव्हती.

तेव्हा आमच्या डोक्यात आलं, की ही सीट केली कुणी आणि कुणाच्या अंगाला मापून केली? शोधत गेलो तसा मोठाच इतिहास निघाला.

दोन चाकांचं पहिलं वाहन १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी केलं. जवळजवळ सगळं लाकडाचं, पायडल नाही, बसून पायानं जमीन रेटत जायचं. १८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल आलं. चाकं लाकडी आणि त्यांना लोखंडी धाव, म्हणजे आपल्या बैलगाडीसारखीच. दगडी रस्त्यावर बसणाऱ्याची अशी गत व्हायची की इंग्रजांनी त्या सायकलीला 'हाडं खिळखिळी करणारी' असं नावच ठेवलं. सीटखाली लांब पोलादी पट्टीची स्प्रिंग लावून बघितली, तरी हाल काही फारसे कमी झाले नाहीत.

मग येतात इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहराचे जॉन ब्रूक्स. घोड्याच्या साजाचं चामडी सामान करायचा त्यांचा धंदा, १८६६ पासूनचा. त्यांची गोष्ट अशी सांगतात, की १८७८ मध्ये त्यांचा घोडा मेला, दुसरा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून कामावर जायला कुणाची तरी सायकल मागून आणली. सीट इतकी टोचली, की त्यांनी ठरवलं, आता हीच नीट करायची. १८८२ मध्ये त्यांनी आपल्या सीटचा हक्क नोंदवला. जाड चामड्याचा तुकडा लोखंडी चौकटीवर पुढून-मागून ताणून बसवलेला, खाली मऊ काही नाही. आपली बाज जशी सुंभावर ताणलेली असते, तसंच. बाज सैल पडली की आपण ओढून घट्ट करतो, तसं या सीटच्या पुढच्या बोल्टनं चामडं ताणायचं. नवी असताना ती दगडासारखी लागते. काही महिन्यांनी बसणाऱ्याच्या हाडांच्या जागी तिला खळगे पडतात आणि ती त्याच माणसाची होऊन जाते. नवी चप्पल आधी चावते आणि मग पायाची होते, तसला प्रकार. ते ब्रूक्सचं नाव आजही सीटच्या बाजारात आहे.

पण ते खळगे पडणार होते पुरुषांच्या हाडांचे. तेव्हाची सायकल होती उंच चाकाची, झग्यातल्या बाईला तिच्यावर चढता येणंच शक्य नव्हतं. १८८५ मध्ये दोन्ही चाकं सारखी असलेली, साखळीची सायकल आली. १८८७-८८ च्या सुमारास डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. त्यानंतर मधली दांडी खाली वाकवून लेडीज सायकल निघाली आणि बायका सायकलवर बसल्या. बसल्याबरोबर बोंबाबोंब सुरू झाली. सायकल चालवल्यानं बाईची कूस बिघडते, चेहरा राठ होतो, सीटच्या घासण्यानं मनात नको ते येतं, असं त्या काळचे काही डॉक्टर लिहू लागले. दुसरे काही डॉक्टर म्हणाले, की बाईला मोकळी हवा आणि व्यायाम मिळतो, हे चांगलंच आहे. भांडण जुंपलं ते या वीतभर सीटवरून. कारखानदारांनी त्यातही धंदा बघितला. १८९० च्या दशकात अमेरिकेत ख्रिस्टी नावाची सीट निघाली. बसण्याच्या दोन हाडांखाली दोन वेगळ्या गाद्या आणि मधे मोकळी जागा. जाहिरातीत कमरेच्या हाडाचं चित्र काढून दाखवायचे, की वजन कुठं पडायला हवं आणि कुठं नको. म्हणजे नववीतल्या पोरीचं दुखणं लोकांना सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं. आपल्या गोठ्यापर्यंत पोचायचं राहिलं होतं.

आणि ती जुनी कुजबुज मात्र आपल्याकडं बरोबर पोचली. सायकल चालवली की पोरीचं कौमार्य जातं, लग्नाला अडचण येते, असं आम्ही आमच्याच गटांत ऐकलंय. याबद्दल आडून आडून बोलण्यात अर्थ नाही. शरीरातल्या त्या पातळ पडद्यावरून कुणाचं काही सिद्ध होत नसतं. कुणाला तो जन्मतःच कमी असतो, कुणाचा खेळताना ताणला जातो, कुणाचा लग्नानंतरही तसाच राहतो. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं, की अशा तपासणीला वैद्यकशास्त्राचा कसलाही आधार नाही. ज्या कुणी सासूबाई हे ऐकत असतील, त्यांनी हवं तर आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांना विचारून घ्यावं.

आता आपल्या मुलखाकडं येऊ. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा सायकली विलायतेहून यायच्या, रॅले, बीएसए, हर्क्युलिस या नावांच्या. मुंबईत वरळीला हिंद सायकल कारखाना १९३९ मध्ये सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर सोनीपतची ॲटलस १९५१ मध्ये आणि लुधियानाची हीरो १९५६ मध्ये निघाली, मग खेड्यातल्या माणसाला सायकल परवडू लागली. काळी, जड, मधे आडवी दांडी असलेली. गुरुजी, पोस्टमन, दूधवाले, बाजारकरी यांची ती सायकल. तिची सीट रुंद, चामड्याची, खाली गोल स्प्रिंगा. बसणारा ताठ बसायचा, सगळं वजन बुडावर, म्हणून स्प्रिंगा लागायच्या.

आणि बाई? आपल्या आज्या सायकलवर बसल्या नाहीत असं नाही. बसल्या, पण मागं कॅरिअरवर, दोन्ही पाय एका अंगाला सोडून, मांडीवर लेकरू, एका हातात पिशवी. कॅरिअर म्हणजे चार लोखंडी सळ्या. फार तर त्यावर पोत्याची घडी. आमच्यातल्या एकीची आजी सांगायची, की माहेराहून सासरी येताना दहा मैल अशी बसून आले आणि दोन दिवस नीट चालता आलं नाही. सगळे हसायचे, तीही हसायची. सीट मऊ असावी की कडक, हा प्रश्न तिच्यापर्यंत आलाच नाही. तिच्या वाट्याला सीटच नव्हती.

त्या जुन्या चामडी सीटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण टिकाऊपणाचा विषय तिच्याशिवाय पुरा होत नाही. बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीत कातडं मुरवायची विद्या आपल्या गावोगावच्या ढोर समाजाच्या कारागिरांकडं पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि शिवायची विद्या चर्मकारांकडं. मोट, नाडा, वहाण, सगळं त्यांच्या हातचं. सायकलीची चामडी सीट फाटली की ती त्यांच्याच हाती जायची आणि पुन्हा चांगली होऊन यायची. तिला दोन गोष्टी बाधायच्या, पाणी आणि हयगय. पावसात भिजली आणि तशीच बसून चालवली तर ती झोळीसारखी लोंबते. उन्हात वाळून कडक झाली की चिरते. म्हणून जुनी माणसं खालच्या अंगानं थोडं तेल चोळायची, बोल्ट अर्धा फेरा आवळायची आणि पावसात वर पिशवी बांधायची. असं सांभाळलेलं चामडं पंचवीस-तीस वर्षं जातं. आपल्यापैकी कित्येकींच्या घरी माळ्यावर अशी सीट पडून असेल, बघा.

पुढं रेक्झिन आलं. खाली स्पंज, वर रेक्झिन, स्वस्त आणि चकचकीत. आपल्या उन्हाळ्यात बेचाळीस अंशांच्या उन्हात शाळेबाहेर उभी राहिलेली रेक्झिनची सीट काय भाजते, ते पोरींना विचारा. दोन उन्हाळ्यांत शिवणीला चीर जाते, चिरेतून पाणी स्पंजात उतरतं, मग वरून कोरडी दिसणारी सीट बसली की पाणी सोडते. पोरीचा ड्रेस मागून ओला. वर्गात मुलं हसतात, आणि ती का हसतात हे तुम्हाला सांगायला नको.

बाईनं स्वतः सीटवर बसण्याची आपल्या देशातली मोठी गोष्ट घडली तमिळनाडूत, पुदुकोट्टई जिल्ह्यात. १९९१ मध्ये तिथं साक्षरतेची चळवळ सुरू झाली. तिचं नाव अरिवोळी, म्हणजे ज्ञानाचा प्रकाश. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. अक्षर शिकायला आणि शिकवायला बायांना या गावातून त्या गावात जावं लागणार, तर मग त्यांना सायकल यायलाच हवी, असं त्यांनी ठरवलं. सायकलीसाठी बँकांनी बायकांना कर्ज द्यावं म्हणून पाठपुरावा केला. शेतमजूर, दगडखाणीतल्या कामकरी, अंगणवाडी सेविका अशा हजारो बाया सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तर त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या. काही जणींना तर जेंट्सच बरी वाटली, कारण मधल्या दांडीवर लेकरू बसवता येतं. हे वाचलं तेव्हा आम्ही गटात बराच वेळ त्यावरच बोलत होतो. आपल्यातल्या कितीतरी जणी त्याच दांडीखालून पाय घालून कैची सायकल शिकल्या आणि न्हाण आल्यावर बंद झाल्या.

आता ती रेंजर. जाड टायरची सायकल जन्मली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन भागात, १९७० च्या दशकात. काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर न्यायचे आणि कच्च्या वाटेनं भन्नाट खाली यायचे. १९७६ पासून त्यांनी शर्यतीच लावल्या. उतारावर मागचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला नवं भरावं लागायचं. त्यावरूनच शर्यतीचं नाव पडलं. आपल्या कामाची गोष्ट पुढं आहे. ही मंडळी उतारावर सीटवर बसायचीच नाहीत. सीट खाली करायची, गुडघे वाकवायचे आणि पायडलवर उभं राहायचं. चढावर पुन्हा सीट वर. दर वेळी उतरून ती खालीवर करायचा कंटाळा आला, म्हणून १९८४ मध्ये जो ब्रीझ आणि त्यांच्या सोबत्यानं एक स्प्रिंग काढली, चालता चालता सीट खालीवर होणारी. म्हणजे डोंगरातल्या सायकलीची सीट अरुंद आणि टणक असते, ती सतत बसून राहण्यासाठी केलेलीच नसते.

आपल्याकडं आली ती त्या सायकलीची नक्कल. टायर जाड, मधे स्प्रिंग, वजन भरपूर. हँडल पुढं आणि खाली, म्हणजे पोरगी पुढं वाकून बसणार. पुढं वाकलं की वजन मागच्या हाडांवरून सरकून सीटच्या पुढच्या नाकावर येतं, नेमकं नको तिथं. ते दुखू नये म्हणून दुकानदार जाड स्पंजाची, सोफ्यासारखी सीट दाखवतात. दुकानात बोटानं दाबून बघितली की आपण खूश. पण मऊ स्पंजात हाडं खाली रुततात आणि मधला भाग वर येऊन दाबतो. जितकं मऊ तितकं मधे जास्त घासतं. अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या बाईंनी १९८५ मध्ये खास बायकांच्या मापाच्या सायकलींची कंपनी काढली आणि १९९० च्या दशकात मधे भोक ठेवलेली बायकांची सीट बाजारात आणली. ख्रिस्टीची जुनी युक्तीच पुन्हा नव्यानं काढली म्हणा ना. मधल्या शंभर वर्षांत ती कुठं गेली होती, कोण जाणे.

आपल्या सरकारनं मुलींना सायकल दिली, हे मोठं काम झालं, त्यात शंका नाही. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. २०२१ च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप होता, आठवतंय ना? त्या दिवसांत ज्या घरी सायकल होती, तिथली पोरगी शाळेत जाऊ शकली. पण सीट पोरीच्या मापाची आहे का, हे रांगेत कुणी विचारत नाही, आणि आपणही विचारत नाही. आपण ब्लाऊजचं माप दोनदा देतो.

तर आम्ही बैठकीत माप घेतलं. किराणा दुकानातून खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा आणला, पाटावर ठेवला आणि एकेकीला त्यावर जरा पुढं वाकून बसवलं. आधी कुणी बसेना, मग हसून हसून पुरेवाट. उठलं की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात, ती बसण्याची हाडं. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीनं मोजायचं. बायकांचं हे अंतर बहुतेक करून अकरा ते पंधरा सेंटीमीटर असतं, पुरुषांपेक्षा थोडं जास्त. सीटची मागची रुंदी त्याहून दोन-तीन सेंटीमीटर जास्त हवी. त्या पोरीचं माप आलं बारा, तिची सीट मागं चांगली वीसपेक्षा रुंद होती, मांड्यांना घासत होती. शिवाय पाय टेकावेत म्हणून खाली ठेवलेली आणि नाक वर उचललेलं. सीटखालच्या पकडीचे दाते झिजले होते, म्हणून नाक आपोआप वर व्हायचं. दुकानदारानं "पोरी नाजूक असतात" एवढंच सांगून परत पाठवलेलं.

पकड नवी घातली, ती किरकोळ पैशात आली. सीट आडवी सपाट केली. उंची अशी ठरवली, की पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. दांडा वर काढताना त्यावर एक रेघ असते, ती बाहेर दिसू द्यायची नाही, नाहीतर दांडा मोडतो. हँडल जमेल तेवढं वर घेतलं. आणि सीट? ताईंच्या सासऱ्यांच्या सायकलीची चामडी सीट माळ्यावर निघाली, कडक, धुळीनं भरलेली. आमच्या गावातल्या चप्पल शिवणाऱ्या काकांनी ती तेल पाजून, बोल्ट ताणून दिली, पैसे घेतले नाहीत. पोरीनं पहिले पंधरा दिवस तोंड वाकडं केलं. काका म्हणाले, "चावंल थोडी, मग तुझी हुईल."

जखमेसाठी तिला उपकेंद्रात नेलं, आई सोबत होती. घट्ट जीन्स आणि जाड शिवणीची चड्डी सायकलवर घालू नये, सुती आणि सैल घालावी, हे तिथल्या सिस्टरांनी सांगितलं. पाळीत दुखत असेल तर दोन दिवस नका चालवू, नसेल तर खुशाल चालवा, हेही.

पोरगी आता दहावीत आहे आणि सायकलवर जाते. कर्जाचा शेवटचा हप्ता मागच्या महिन्यात फिटला. तिनं सीटवर गोंडे लावलेलं मखमली कव्हर चढवलंय. ते घसरतं, काढ म्हणून आम्ही दोनदा सांगून झालं, ऐकत नाही.